हिमाचलच्या थंडीत नेण्याआधी मोटरहोमची पाण्याची लाइन कशी सांभाळावी

सांगलीत जानेवारीच्या पहाटे पारा फार तर दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि तेवढ्यालाच आपण कडाका म्हणतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले की त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, पण त्या गारठ्याने कोणाच्या घरातला नळ फुटत नाही. त्यामुळे आपल्याकडचा प्लंबर कितीही हुशार असला, तरी गोठणारे पाणी त्याने हाताळलेले नसते. कुपवाड-मिरजेकडे टेम्पो ट्रॅव्हलरचे मोटरहोम बांधून घेताना फर्निचर, बॅटरी, सोलर या सगळ्यांवर तासन्‌तास चर्चा होते. पाइप कुठून न्यायचा हे मात्र मिस्त्री त्याच्या सोयीने ठरवतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीच्या पलीकडचे लाहौल हिवाळ्यातही आवाक्यात आले. पेठ नाक्यावर पुण्याकडे वळल्यावर लागणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ आपल्याला दिल्लीपर्यंत नेतो, त्यामुळे बर्फ पाहायला स्वतःची गाडी घेऊन निघणारी मंडळी वाढली आहेत. आम्हीही त्यांतलेच. पहिल्या हिवाळ्यात गाडी बांधून देणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे मनालीत टाकीचा कॉक उघडला, टाकी रिकामी केली आणि निश्चिंत मनाने लाहौलमधल्या सिस्सूला दोन रात्री काढल्या. तिथे काहीच बिघडल्याचे दिसले नाही. घरी येऊन टाकी भरली, पंप सुरू केला, तेव्हा सिंकखालच्या कपाटातून बारीक फुसफुस ऐकू आली. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर पंपाच्या तोंडाशी असलेल्या स्ट्रेनरच्या, म्हणजे कचरा अडवणाऱ्या गाळणीच्या, पारदर्शक वाटीला केसाएवढी तडा गेलेली होती आणि बाथरूमच्या मिक्सर नळाचा पितळी भाग आतल्या बाजूने उलला होता. टाकीला ओरखडाही नव्हता. त्या दोन्ही ठिकाणी मिळून अर्धी वाटी पाणी राहिले असेल, पण नुकसान सगळे त्या अर्ध्या वाटीने केले. पुढचे सगळे लेखन त्या अर्ध्या वाटीविषयी आहे.

नेमके काय फुटते

पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. मोठ्या, अर्धवट भरलेल्या टाकीत त्याला वर सरकायला जागा असते, शिवाय ते गोठायलाही वेळ लागतो, कारण शून्य अंशावरच्या एक किलो पाण्याचे बर्फ होण्यासाठी त्यातून ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर जावी लागते. ८० लिटरच्या टाकीचा हिशेब केला तर ती उष्णता सात युनिट विजेहून थोडी जास्त भरते. एवढी उष्णता एका रात्रीत सहसा निघून जात नाही. याउलट अर्धा इंची पाइपाचा आतला व्यास १२ मिलिमीटर धरला, तर एक मीटर पाइपात जेमतेम ११३ मिलिलिटर पाणी मावते आणि त्याला चारही बाजूंनी गार वारा लागतो. म्हणून टाकीत पाणी खळखळत असतानाही नळ मात्र बंद पडलेला, असे दृश्य पहाटे दिसते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाइप बहुधा जिथे बर्फ धरतो तिथेच फुटतो असे नाही. बर्फाचा बोळा तयार होऊन तो वाढू लागला की त्याच्या आणि बंद नळाच्या मध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि मग त्या टप्प्यातला सगळ्यात कमजोर भाग जातो. तो एल्बो असेल, पंपाचे डोके असेल, नाहीतर मिक्सरच्या आतली कार्ट्रिज असेल. म्हणूनच फुटलेली जागा शोधताना माणूस चकतो.

गाडीखालून गेलेला पाइप सर्वांत आधी जातो, कारण चालत्या गाडीला लागणारा वारा त्याची ऊब सतत काढून घेतो. थांबलेल्या गाडीत रात्रभर टिकलेली लाइन सकाळी घाटात दोन तास गाडी चालवल्यावर गोठते, हे पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला खरे वाटत नाही.

निघण्यापूर्वी घरी करायची कामे

सर्वांत आधी एका कागदावर लाइनचा नकाशा काढावा. टाकीपासून स्ट्रेनर, पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारा), गिझर, किचनचा नळ, शॉवर, जेट स्प्रे, शेवटी ट्रॅप (सिंक आणि बाथरूमखालचा, पाणी धरून राहणारा वाकडा पाइप) आणि सांडपाण्याची टाकी, असा पाण्याचा प्रवास बोटाने पाइपाला हात लावत पुरा करावा. ज्या ठिकाणी पाइप खाली वाकून पुन्हा वर जातो तिथे लाल खूण करावी. तिथले पाणी आपणहून कधीच निघणार नाही. गाडी बांधणाऱ्याला फोन करून विचारण्यापेक्षा कपाटाच्या फळ्या काढून पाहिलेले बरे, कारण मिस्त्रीलाही दीड वर्षानंतर काही आठवत नसते.

ज्याने द्राक्षबागेत ठिबकची लाइन सांभाळली आहे त्याला पुढचे काम समजावून सांगावे लागत नाही. लॅटरलच्या, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या नळीच्या, टोकाची टोपी काढल्याशिवाय आतला गाळ निघत नाही आणि उंच ठिकाणी हवा आत आल्याशिवाय मेन लाइनमधले पाणी खाली उतरत नाही. मोटरहोममध्येही हेच दोन नियम लागू होतात. प्रत्येक लाल खुणेवर टी टाकून एक छोटा ड्रेन कॉक बसवावा. ठिबकच्या दुकानात मिळणारे फ्लश व्हॉल्व्ह स्वस्त असतात, परंतु ते बागेच्या कमी दाबासाठी केलेले असल्याने पंपाच्या पुढच्या बाजूला पितळी कॉकच वापरावा.

गिझरला बायपास करून घेणे हे दुसरे महत्त्वाचे काम आहे. गिझरच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांवर एक-एक आणि त्या दोघांना जोडणाऱ्या आडव्या तुकड्यावर एक, असे तीन बॉल व्हॉल्व्ह लागतात. आडवा उघडा आणि उरलेले दोन बंद केले की पाणी गिझरला वळसा घालून पुढे जाते. पंधरा लिटरच्या गिझरमध्ये नंतर महागडे ग्लायकॉल (पाण्यात मिसळल्यावर ते सहज गोठू न देणारा द्रव) भरावे लागू नये, हा याचा खरा फायदा. गॅसवरचा इन्स्टंट गिझर असेल तर त्यातली तांब्याची गुंडाळी फार नाजूक असते. तिचा ड्रेन स्क्रू कुठे आहे ते घरीच पाहून ठेवावे, कारण उणे तापमानात बधिर बोटांनी तो सापडत नाही.

पाइप गाडीखालून गेला असेल तर तो आत घ्यावा. हे काम खर्चिक आहे आणि बहुतेक जण ते टाळून त्याऐवजी एसीच्या पाइपांवर असतो तो काळा नायट्राइल फोम गुंडाळतात. फोम वाईट नाही, पण तो काय करतो हे समजून घ्यावे. गोधडी स्वतः उष्णता तयार करत नाही, आतल्या माणसाची ऊब धरून ठेवते. ११३ मिलिलिटर पाण्यात धरून ठेवण्यासारखी ऊब असतेच किती? फोममुळे गोठण्याची वेळ काही तास पुढे जाते, एवढेच. ज्या पाइपात पाणी ठेवून राहायचे आहे तो गाडीच्या गरम होणाऱ्या भागातच हवा.

रिकामे करण्याचा क्रम

हे काम मनालीत पोहोचल्यावर अंधार पडताना करायचे नाही. मंडी सोडण्याआधी, दुपारच्या उन्हात, गाडी सपाट जागेवर उभी असताना करावे. निवांतपणे दीड-दोन तास लागतात.

प्रथम गिझरची वीज बंद करावी आणि त्याच्या स्विचवर चिकटपट्टी लावावी. रिकाम्या गिझरची कॉइल चुकून सुरू झाली तर काही क्षणांत जळते, आणि घरातल्या कोणालातरी सवयीने ते बटण दाबण्याची हुक्की येतेच. पाणी निवल्यावर गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडावा, मग गिझरचा ड्रेन उघडावा. सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून धरली की वरून हवा आत जाते आणि पाणी भडाभडा येते, नाहीतर ते थेंब-थेंब गळत राहते. गिझर रिकामा झाल्यावर बायपास सुरू करावा.

नंतर टाकीचा ड्रेन, त्यानंतर सर्व खालचे कॉक, आणि त्याच वेळी सगळे नळ उघडे. मिक्सरची दांडी मध्यावर ठेवावी, म्हणजे थंड आणि गरम दोन्ही बाजू मोकळ्या राहतात. हँड शॉवर आणि जेट स्प्रे हुकावरून काढून जमिनीवर ठेवून त्यांची कळ दाबून धरावी. जेट स्प्रेचा पाइप वेटोळे घालून टांगलेला असतो आणि त्या वेटोळ्यात पाणी हमखास राहते. तो सरळ उघडून गाडीच्या दाराबाहेर झटकून टाकणेच सोपे.

आता पंप. टाकी रिकामी झाल्यावरही पंपाच्या डोक्यात पाणी असते. पुढचा पाइप सोडवून, खाली फडके धरून, पंप वीस-तीस सेकंद कोरडा चालवावा. डायफ्राम पंपाला एवढे कोरडे चालणे सोसते, त्याहून जास्त चालवू नये. स्ट्रेनरची वाटी हाताने फिरवून काढावी, पुसून कोरडी करावी आणि उलटी करून कपाटात ठेवावी. परत बसवू नये. आमची फुटली ती याच वाटीत राहिलेल्या चार चमचे पाण्याने.

पाण्याचा फिल्टर असेल तर त्याच्या कॅन्डल आणि आरओचा मेम्ब्रेन काढून घ्यावा. ओला मेम्ब्रेन एकदा गोठला की पुन्हा त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

बॉल व्हॉल्व्हबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ही चूक अनुभवी माणसेही करतात. व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना त्याच्या आतल्या गोळ्याच्या भोकात पाण्याचा एक घोट बंदिस्त होतो. त्याला दोन्हीकडे वाट नसते. बाकी सारी लाइन कोरडी ठणठणीत असूनही एवढा घोट गोठला की व्हॉल्व्हचे अंग चिरते. म्हणून लाइन रिकामी झाल्यावर प्रत्येक बॉल व्हॉल्व्हची दांडी दोन-तीनदा पुढे-मागे फिरवून शेवटी तिरपी, म्हणजे अर्धवट उघडी ठेवावी. बायपासचे तीन व्हॉल्व्हही याला अपवाद नाहीत, मात्र ग्लायकॉल भरायचे असेल तर ते भरून झाल्यावर त्यांच्याकडे वळावे.

हवा मारणे

उतारावरून निघेल तेवढे पाणी निघाल्यावरही आडव्या पाइपांत थोडे शिल्लक राहते. ते हवेने काढावे. अर्धा इंची एंड कॅपला भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला की हवा भरण्याची जोडणी तयार होते. ही टोपी पंपाच्या पुढच्या बाजूला लावावी. दाब ३० ते ३५ पीएसआयच्या वर नेऊ नये, म्हणजे मोटारीच्या चाकात असतो तेवढाच.

सिगारेट लायटरवर चालणारा छोटा पंप दाब देतो, पण हवेचा लोट देत नाही, आणि पाणी ढकलायला लोटच लागतो. टाकी असलेला पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चांगला. उत्तरेतल्या मोठ्या गावांत सराफ बाजाराजवळ विटा-खानापूरकडचे गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी गाळणारे, भेटतात, त्यांच्या ओळखीने असली कामे तासाभरात होतात, असा आमचा तरी अनुभव आहे. मात्र पंक्चरवाल्याच्या हवेत तेलाचा अंश आणि पाणीही असते. आधी त्याच्या टाकीखालचा कॉक उघडून साचलेले पाणी सोडायला सांगावे आणि मध्ये एअर फिल्टर लावावा. पिण्याच्या लाइनमध्ये तेलाचा वास एकदा शिरला की निघता निघत नाही.

खालचे सगळे कॉक बंद करून एका वेळी एकच नळ उघडावा. सर्वांत लांबचा आधी. नळातून प्रथम पाणी, मग तुषार आणि शेवटी कोरडी हवा येते. कोरडी हवा आल्यावर आणखी अर्धा मिनिट थांबून पुढच्या नळाकडे जावे. सर्व नळ झाले की पुन्हा पहिल्यापासून एक फेरी मारावी, कारण दुसऱ्या फेरीत हमखास थोडे पाणी निघते. हवा चालू असताना सगळे नळ एकाच वेळी बंद राहणार नाहीत याकडे लक्ष ठेवावे.

ग्लायकॉल कुठे आणि कोणते

उणे पाच-सहा अंशांपर्यंतच जायचे असेल तर हवा मारलेली लाइन पुरेशी आहे आणि ग्लायकॉल फक्त सिंक व बाथरूमच्या ट्रॅपमध्ये ओतावे. स्पितीतल्या काझासारख्या ठिकाणी उणे वीसच्या आसपासच्या रात्री काढायच्या असतील, किंवा गाडी उतारावर उभी राहणार असेल, तर लाइन ग्लायकॉलने भरणे हिताचे.

इथे एका बाबतीत तडजोड नाही. रेडिएटरचे कूलंट पाण्याच्या लाइनमध्ये घालायचे नाही. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोडसर, पण मूत्रपिंडे निकामी करणारे विष आहे. रंगावरून ओळखण्याचा प्रयत्नही करू नये, कारण हिरवा-गुलाबी रंग कंपनी वाटेल तसा घालते. आपल्याला हवे ते प्रोपिलीन ग्लायकॉल, आणि तेही खाण्याच्या किंवा औषधी दर्जाचे. केमिकलच्या घाऊक दुकानात डब्यावर तसा उल्लेख पाहूनच घ्यावे. व्यायलेल्या गाईला कीटोसिस झाल्यावर जे गोड पातळ औषध पाजतात त्यात मुख्यतः हेच असते, परंतु त्यात क्षार वगैरे मिसळलेले असल्याने ते पाइपात चालणार नाही.

निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असे मिश्रण सुमारे उणे ३३ अंशांपर्यंत गोठत नाही. ४० टक्के ठेवले तर ती मर्यादा सुमारे उणे २१ अंशांवर येते. लाइनमध्ये राहिलेले पाणी त्यात मिसळणार असल्याने निम्मे-निम्मेच करावे. वरच्या हिशेबाने १५ मीटर पाइपात पावणेदोन लिटरही मावत नाही, त्यामुळे गिझर बायपास केलेला असेल तर पाच-सहा लिटर मिश्रण पंप आणि ट्रॅप धरून पुरते. स्ट्रेनरची वाटी तेवढ्यापुरती बसवून पंपाची शोषण नळी कॅनमध्ये बुडवावी आणि एकेक नळ उघडून मिश्रण येईपर्यंत सोडावे. ग्लायकॉलला रंग नसतो, म्हणून कॅनमध्ये केकचा लाल रंग थोडा घालावा.

रंगापेक्षा पक्की खूण हवी असेल तर द्राक्षाची गोडी पाहण्याचे ब्रिक्स मीटर सोबत न्यावे. ते मुळात प्रकाशाचे वक्रीभवन मोजते, साखर नव्हे, त्यामुळे ग्लायकॉलवरही चालते. कॅनमधला आणि नळातून आलेला असे दोन नमुने घेऊन दोन्ही तितक्याच पाण्याने पातळ करावेत, कारण निम्मे-निम्मे मिश्रण ०-३२ च्या साध्या पट्टीच्या टोकाला जाते. दोन्ही आकडे जुळले की त्या नळापर्यंतचे पाणी निघाले असे समजावे. आकडा किती आला याला अर्थ नाही, तो जुळला का हे पाहायचे. तासगावच्या एका पाहुण्यांकडून हे मीटर मागून नेले तेव्हा हिमालयात द्राक्षे कुठे पिकतात, असा प्रश्न त्यांनी विचारला होता.

तिथे राहताना

लाइन बंद असताना पाण्यावाचून हाल होत नाहीत. वीस लिटरचे दोन कॅन झोपण्याच्या जागेजवळ ठेवावेत, तांब्या-बादलीने काम भागते. रात्री कॅन काठोकाठ भरलेले नसावेत. सिंकमध्ये ओतलेले पाणी ट्रॅपमधले ग्लायकॉल वाहून नेते, म्हणून झोपण्यापूर्वी कपभर मिश्रण पुन्हा ओतावे. सांडपाण्याची टाकी बहुतेक गाड्यांत खालीच असते. ती रोज योग्य ठिकाणी रिकामी करावी आणि तिचा झडपेजवळचा भाग ग्लायकॉलने ओला ठेवावा.

गाडी गरम ठेवण्यासाठी डिझेल हीटर वापरत असाल तर उंचीवर विरळ हवेमुळे तो काजळी धरतो, त्यामुळे उंचीनुसार इंधन कमी करण्याची सोय असलेलाच घ्यावा. कोळशाची शेगडी किंवा गॅसची शेगडी पेटवून पाइप गरम ठेवण्याचा विचारही करू नये. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइडने माणसे झोपेतच जातात.

तरीही गोठलेच तर

पंप ताबडतोब बंद करावा. गोठलेल्या टप्प्याच्या पुढचा नळ उघडा ठेवून, नळाच्या बाजूने सुरुवात करून मागे-मागे येत, गरम पाण्यात पिळलेले फडके किंवा हेअर ड्रायर लावावा. नळाकडून सुरुवात केली की वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. ब्लो टॉर्च, मेणबत्ती यांनी प्लॅस्टिकचा पाइप मऊ पडतो आणि मागची प्लायही पेटते. वितळल्यावर लगेच टाकी भरू नये, कारण तडा गेली असेल तर थोडा जरी बर्फ उरला असेपर्यंत तोच बूच बनून गळती लपवत असतो.

परत आल्यावर

स्ट्रेनरची वाटी आणि कॅन्डल बसवावेत. टाकीत पाणी भरून प्रत्येक नळ फेस आणि गोडसरपणा जाईपर्यंत सोडावा, मग बायपास काढून गिझर भरावा. गिझरच्या नळातून हवा न येता सलग धार पडू लागली की मगच स्विचवरची चिकटपट्टी काढावी. निर्जंतुकीकरणासाठी १०० लिटर पाण्याला ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर घालून, ते पाणी सर्व नळांपर्यंत आणून चार तास ठेवावे आणि नंतर वास जाईपर्यंत धुवावे. मेम्ब्रेनला क्लोरीन सोसत नाही, म्हणून तो या धुण्यानंतरच बसवावा.

शेवटी प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा अंथरावा, पंप सुरू करून सगळे नळ बंद करावेत आणि दाब भरून पंप आपोआप थांबला की अर्धा तास गाडीत शांत बसावे. कोणी नळ उघडलेला नसताना पंपाने एकदाही टकटक केली, तर कुठेतरी पाणी जात आहे. कागद पाहत त्याचा माग काढावा. कागद कोरडे असूनही पंप वाजत असेल तर गिझरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि पंपाचा स्वतःचा व्हॉल्व्ह या दोन जागा उरतात, आणि त्यांतला पंपाचा व्हॉल्व्ह आधी उघडून पाहावा.